पन्नासचा अँगल की पासष्टचा

दिंडोरी तालुक्यात मामांच्या द्राक्षबागेला लागून पॅकहाउसची शेड उभी करायची होती. १२ मीटर रुंद, २४ मीटर लांब, म्हणजे गावच्या भाषेत चाळीस बाय ऐंशी. शेड बनवून देणाऱ्या फॅब्रिकेटर दादांच्या कोटेशनमध्ये कैचीचे, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी लोखंडी सांगाड्याचे, सगळे अँगल (एल आकाराचे लोखंडी बार) एकाच मापाचे होते: ५० बाय ५० बाय ६ मिमी. वरच्या आणि खालच्या पट्टीला जोडीने, मधल्या उभ्या-तिरप्यांना एकेक. कशावरून, असं विचारल्यावर दादा म्हणाले, "ताई, चाळीस फुटाला हेच चालतं. माझ्या कितीतरी शेड उभ्या आहेत." त्या उभ्या आहेत हे मीही पाहिलं होतं. पण दरवर्षी एप्रिल-मे आला, वळवाची वावटळ सुटली की कुठे ना कुठे पत्रे उडाल्याची, शेड आडवी झाल्याची बातमी येतेच. मामा म्हणाले, "तू हेच शिकलीस ना? मग एकदा हिशोब करून सांग. त्यात बसलं तर दादा म्हणतात तसं, नाही बसलं तर तू सांगशील तसं."

मी स्ट्रक्चरल ऑफिसात काम करते. तिथे मॉडेल संगणकावर चढतं आणि सॉफ्टवेअर प्रत्येक मेंबरचा, म्हणजे सांगाड्यातल्या प्रत्येक बारचा, आकडा काढून देतं. हा हिशोब मात्र मला हाताने करायचा होता, कारण तो मामांना आणि दादांना समोर बसून समजावता यायला हवा होता. त्यासाठी कैचीची उंची मधोमध अडीच मीटर धरली. अर्धी रुंदी ६, उंची २.५, मग वरची तिरपी पट्टी बरोबर ६.५ मीटर येते. ५-१२-१३ चा त्रिकोण. साइन ५ भागिले १३, कोसाइन १२ भागिले १३, कॅल्क्युलेटरची गरज उरत नाही. उतार साधारण साडेबावीस अंशांचा, पावसाला पुरेसा.

खालच्या पट्टीचे दीड-दीड मीटरचे आठ भाग केले. प्रत्येक जोडावर एक उभा मेंबर, आणि तिरपे असे की बाहेरच्या खालच्या जोडापासून आतल्या वरच्या जोडाकडे चढत जातील. या मांडणीत पत्र्याचं आणि माणसांचं वजन आलं की तिरपे ओढले जातात आणि उभे दाबले जातात. तिरपे लांब, उभे आखूड. लांब मेंबरला ओढ आणि आखूड मेंबरला दाब, हे गणित लोखंडाच्या फायद्याचं.

मग भार. पत्रा, पर्लिन (पत्र्याखालचे आडवे बार), कैचीचं स्वतःचं वजन, दिवे-वायरिंग सगळं धरून दर चौरस मीटरला ०.२५ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार). छतावर चढणाऱ्या माणसांसाठी आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात उतारानुसार भार दिलेला आहे. १० अंशांपर्यंत ०.७५, पुढे प्रत्येक अंशाला ०.०२ कमी. आमच्या उताराला तो ०.५० आला. कैचीसाठी त्याचा दोन-तृतीयांश धरायची सवलत आहे, ती मी घेतली नाही. हंगामाआधी छतावर धूळ, पानं, दुरुस्तीचं सामान काय काय चढतं ते मी पाहिलेलं आहे. दोन्हींची बेरीज ०.७५, त्याला १.५ चा सुरक्षा गुणक, आणि कैच्या ४-४ मीटरवर. म्हणजे दर जोडावर दीड गुणिले चार चौरस मीटरचा भार: ६.७५ किलोन्यूटन. प्रत्येक जोडावर जवळजवळ सातशे किलो.

एकूण भार ५४, प्रत्येक टेकूवर २७. टोकाच्या जोडावरचा अर्धा भार वजा जाता २३.६ उरतात. टोकाच्या जोडाला दोनच मेंबर येतात, तिरपी पट्टी आणि खालची पट्टी. उभ्या दिशेची बेरीज शून्य केली की वरच्या पट्टीत ६१.४ किलोन्यूटनचा दाब, आडव्या दिशेची शून्य केली की खालच्या पट्टीत ५६.७ किलोन्यूटनची ओढ. याच रीतीने जोडामागून जोड सोडवत गेलं की सगळे आकडे मिळतात. डिप्लोमाला आम्ही हेच मॅक्सवेलच्या आकृतीने, पट्टी आणि सेट-स्क्वेअर घेऊन काढायचो. १८६४ सालची ती पद्धत आजही सॉफ्टवेअरचं उत्तर पडताळायला कामाला येते. मधल्या तिरप्यांत १०.५, १३ आणि मध्याजवळच्या सगळ्यात लांब तिरप्यात १५.७ किलोन्यूटनची ओढ आली.

आता ॲक्शियल स्ट्रेस, म्हणजे मेंबरच्या लांबीच्या दिशेने दर चौरस मिलिमीटरवर येणारं बल. बल भागिले क्षेत्रफळ, याहून सोपं सूत्र अख्ख्या अभ्यासक्रमात नसेल. नेहमीच्या लोखंडाचं यिल्ड, म्हणजे ज्या स्ट्रेसला ते कायमचं ताणलं जायला लागतं तो आकडा, २५० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या कोडप्रमाणे त्याला १.१ ने भागलं की २२७. खालच्या पट्टीला ५६,७०० न्यूटन. २२७ ने भागले तर २५० चौरस मिलिमीटर लोखंड पुरेसं. ५०×५०×६ च्या एका अँगलचं क्षेत्रफळ ५६८, जोडीचं ११३६. स्ट्रेस जेमतेम ५० मेगापास्कल. वरच्या पट्टीत ५४. आणि १५.७ किलोन्यूटनच्या लांब तिरप्याला तर ७० चौरस मिलिमीटर पुरतात! २५×२५×३ चा अँगलसुद्धा दुप्पट होतो.

हा कागद मामांसमोर ठेवला तेव्हा ते साहजिकच म्हणाले, "मग हे तर सगळं जास्तच आहे. अजून बारीक अँगल लावू की."

इथे थांबायचं नव्हतं. वारा बाकी होता.

आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात शहरांची यादी आहे, तिच्यात नाशिकचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मोकळं शेत, दहा मीटरच्या आतली उंची, सपाट जमीन. गुणक सगळे १ च्या आसपास. ०.६ गुणिले ३९ चा वर्ग, ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर. दिशा, क्षेत्रफळ वगैरेंचे गुणक लावून ते ०.६४ किलोन्यूटनवर आलं. आकडा लहान दिसतो, पण त्याची दिशा बघायला हवी. वारा शेडच्या लांबीच्या दिशेने वाहतो तेव्हा छताचे दोन्ही उतार वर खेचले जातात, गुणक ०.७. त्याच वेळी दारा-खिडक्यांतून आत शिरलेला वारा पत्र्याला आतून ढकलतो, त्याचा ०.५. पॅकहाउसला टेम्पो आत येईल एवढी दारं हवीतच, त्यामुळे आतला दाब टाळता येत नाही. दोन्ही मिळून १.२. वारा वर उचलत असताना छताचं वजन आपल्या बाजूचं असतं, म्हणून ते मुद्दाम कमी धरायचं: ०.९ पट. आणि वारा दीडपट.

उत्तर आलं ते असं: प्रत्येक कैचीला ४४ किलोन्यूटनहून जास्त, म्हणजे साडेचार टन, वरच्या दिशेने. भर वाऱ्यात ती शेड जमिनीवर टेकलेली नसते, जमिनीला धरून राहिलेली असते.

आणि सगळ्या मेंबरांची चिन्हं उलटतात. वरच्या पट्टीत दाब होता तिथे ५१ ची ओढ. खालच्या पट्टीत ओढ होती तिथे ४५ किलोन्यूटनचा दाब. मध्याजवळच्या लांब तिरप्यात १५.७ ची ओढ होती, तिथे १५.८ चा दाब. आकडा जवळजवळ तोच. म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ केलं तर स्ट्रेसही तोच, आणि तरीही माझ्यासाठी सगळा हिशोब इथे बदलला. ओढ सोसणाऱ्या मेंबरची लांबी किती हे विचारावं लागत नाही. दाब सोसणाऱ्याची विचारावीच लागते.

हे दादांना सांगायला मी त्यांच्या वर्कशॉपवर गेले. तिथे वेल्डिंग रॉडचा पुडा होता, ३.१५ मिमीचे, ३५० मिमी लांबीचे. एक रॉड घेऊन वरचं फ्लक्स ठोकून काढलं, नटबोल्ट तोलायच्या काट्यावर उभा धरला आणि वरून हातमोज्याच्या तळव्याने सरळ दाबला. काटा आठ किलोच्या आसपास गेला आणि रॉड मधूनच बाजूला फुगला. कितीही दाबलं तरी काटा त्यापुढे जाईना, रॉड नुसता जास्त जास्त वाकत गेला. मग त्याच पुड्यातला दुसरा रॉड ग्राइंडरने मधोमध कापून अर्धा तुकडा तसाच दाबला. तेवढ्याच जोराने दाबलं तरी तो जागचा हलेना. त्याला वाकवायला पहिल्याच्या चौपट, म्हणजे तिशीच्या वर किलो लागतात. लोखंड तेच, जाडी तीच, लांबी निम्मी. पहिला रॉड वाकला तेव्हा त्यातला स्ट्रेस होता सुमारे १० मेगापास्कल, लोखंडाच्या २५० पैकी १०. दादांनी तो अर्धा तुकडा स्वतः हातात घेऊन दोनदा दाबून पाहिला. त्यांच्याकडे काम करणाऱ्या पोरांनी पण पाहिला.

कोडमध्ये हीच गोष्ट स्लेंडरनेसच्या आकड्यात असते. मेंबरची प्रभावी लांबी भागिले रेडियस ऑफ जायरेशन, म्हणजे छेदातलं लोखंड मध्यापासून किती दूर पसरलं आहे ते सांगणारी त्रिज्या. नेहमीच्या वजनामुळे दाबल्या जाणाऱ्या मेंबरला आयएस ८०० ची मर्यादा १८०, फक्त वाऱ्यामुळे दाबल्या जाणाऱ्याला २५०. एकेरी अँगल वाकतो तो त्याच्या सगळ्यात कमजोर, कर्णाच्या दिशेने. ५०×५०×६ ला ती त्रिज्या ९.६ मिमीच आहे. आमचा लांब तिरपा २.९ मीटरचा. टोकं गसेटला (जोडावरच्या प्लेटला) वेल्ड केलेली, म्हणून प्रभावी लांबी ०.८५ पट धरली. तरीही २५८ आले.

"आठानं काय होतंय, ताई?" दादांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचं उत्तर किलोन्यूटनमध्येच काढलं. २५८ ला कोडच्या बकलिंगच्या वक्राप्रमाणे परवानगीचा स्ट्रेस येतो २३ मेगापास्कल. २३ गुणिले ५६८, १३ किलोन्यूटन. लागतात १५.८. मर्यादेतही नाही, ताकदीतही नाही. तिथे ६५×६५×६ घातला की त्रिज्या १२.६, स्लेंडरनेस १९७, ताकद जवळजवळ २८ किलोन्यूटन. त्या अँगलमध्ये प्रत्यक्ष स्ट्रेस असेल २१ मेगापास्कल. नुसतं स्ट्रेस बघणाऱ्याला हा लोखंडाचा अपव्यय वाटेल. मला तो अँगल या कैचीतला सगळ्यात योग्य मापाचा वाटतो. कैचीला असे दोनच तिरपे; दर मीटरला ४.५ ऐवजी ५.८ किलो, सातही कैच्या मिळून पन्नास-पंचावन्न किलो लोखंड जास्तीचं. मामांनी लगेच होकार दिला.

बाकीचे तिरपे आणि उभे मेंबर ५० मध्येच बसले. वरच्या पट्टीची जोडी तर आरामात: ६१ लागतात, १३५ पर्यंत चालते, कारण तिला दर १.६ मीटरवर पर्लिन बाजूने धरून ठेवतं.

खालच्या पट्टीला मात्र बाजूने धरणारं कोणीच नव्हतं, आणि याच्याइतका वेळ मी दुसऱ्या कशावर घालवला नाही. कोटेशनच्या स्केचमध्ये खालची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी होती. उभ्या पातळीत तिला दर दीड मीटरवर उभे मेंबर सांभाळतात. पण बाजूला, शेडच्या लांबीच्या दिशेने, १२ मीटर सलग. जोडीच्या अँगलची त्या दिशेची त्रिज्या २४ मिमीच्या आसपास. १२,००० भागिले २४, पाचशे! ५० मेगापास्कलच्या स्ट्रेसवर मजेत असलेली पट्टी वाऱ्याच्या पहिल्या मोठ्या झोतात बाजूला वाकून निघाली असती, आणि ती गेली की कैची कैची राहत नाही. पत्रे उडतात तेव्हा लोक जे-हुक आणि स्क्रूला दोष देतात, बऱ्याचदा ते खरंही असतं. पण पडलेल्या शेडमध्ये खालची पट्टी कशी वाकली आहे ते एकदा बघावं.

उपाय स्वस्त आहे: एका कैचीपासून दुसरीपर्यंत खालच्या पट्टीला जोडत जाणारे आडवे रनर, आणि टोकाच्या गाळ्यांत फुलीचं ब्रेसिंग, म्हणजे रनरने सोसलेलं बल कुठेतरी पोचेल. प्रश्न एवढाच की रनरच्या ओळी किती. दोन ओळी जोडांवर घातल्या तर सगळ्यात मोठी मोकळी लांबी साडेचार मीटर, स्लेंडरनेस १८९, ताकद ४५.७. लागतात ४५.४. कागदावर पास! दादांना अर्थातच दोन हव्या होत्या. मी तीन ओळींवर अडून बसले. तीन ओळींत मोकळी लांबी ३ मीटर, स्लेंडरनेस १२६, ताकद ८८. एक जास्तीची ओळ घातली की ताकद जवळजवळ दुप्पट. कुठल्याही मेंबरची जाडी वाढवून एवढ्या पैशात हे मिळत नाही.

ब्रेसिंगचं महत्त्व मी कॉलेजात अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या सभागृहावरून शिकले. १९७८ च्या जानेवारीत तिथलं प्रचंड पोलादी छत बर्फाच्या वजनाने कोसळलं, बास्केटबॉलचा सामना संपून प्रेक्षक घरी गेल्यानंतर काही तासांनी. वरच्या दाबाच्या मेंबरांना मधे हवा तसा बाजूचा आधार नव्हता. ते छत कुठे, आमची शेड कुठे, पण दाबातला मेंबर दोन्हीकडे त्याच सूत्राने वाकतो.

एवढं ठरल्यावर पत्रेवाल्याचा निरोप आला. त्याच्या तक्त्याप्रमाणे या पत्र्याला पर्लिनचं अंतर कमी हवं होतं, म्हणून त्याचा सल्ला होता की दोन जोडांच्या मधे एकेक पर्लिन टाका. निरुपद्रवी वाटणारी सूचना. पण आत्तापर्यंतचा सगळा हिशोब एकाच गृहीतावर उभा होता: भार फक्त जोडांवर येतो, म्हणून मेंबरात फक्त ॲक्शियल स्ट्रेस असतो. पर्लिन जोडांच्या मधे आला की वरची पट्टी तुळईसारखी वाकायला लागते. पुरा ६.७५ किलोन्यूटन मध्यावर धरून पाहिलं तर बेंडिंग मोमेंट (वाकवणारं बल गुणिले अंतर) अडीच किलोन्यूटन-मीटर, आणि त्या अँगलच्या जोडीचं सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला विरोध करणारं छेदाचं माप, अवघं ७.२ घनसेंटिमीटर. स्ट्रेस ३५० मेगापास्कल. यिल्डच्याही पलीकडे! पट्टी सलग आहे, मधल्या पर्लिनवर येणारा वाटाही यापेक्षा कमी, अशी सूट दिली तरी हा आकडा आधीच्या ५४ मेगापास्कलच्या जवळपास येत नाही. पत्रेवाल्याला सांगितलं, पर्लिन जोडावरच राहतील, १.६ मीटरला चालेल असा खोल प्रोफाइलचा पत्रा दे. त्याच्याकडे तो होता.

पुढचं काम वर्कशॉपच्या फरशीवर झालं. अर्धी कैची खडूने पूर्ण मापात आखली. दादांची पद्धत अँगलच्या पाठीच्या रेषा एका बिंदूत मिळवायची, कारण पाठ डोळ्याला दिसते आणि टेप तिथेच टेकतो. पण बल वाहतं अँगलच्या गुरुत्वमध्यातून, ५० च्या अँगलला पाठीपासून १४.५ मिमी आत. त्या रेषा एका बिंदूत मिळाल्या नाहीत तर प्रत्येक जोडावर बल थोडं बाजूला पडतं आणि मेंबरात पुन्हा वाकण्याचा स्ट्रेस शिरतो. म्हणून आम्ही प्रत्येक अँगलसाठी दुसऱ्या रंगाच्या खडूने आतली रेषा मारली, त्या रेषा जोडावर भेटवल्या आणि त्यावरून गसेटची मापं काढली. एकदा फरशीवर जिग (कैची बसवायचा साचा) टॅक केल्यावर सातही कैच्या त्यातूनच निघाल्या, त्यामुळे हा त्रास एकदाच झाला. पुढच्या शेडला पण अशीच आतली रेषा मारणार, असं दादा आपणहून म्हणाले तेव्हा मला फार बरं वाटलं.

ऑफिसात नंतर मॉडेल चढवून पाहिलं. जोड पिनचे धरले तेव्हा आकडे हाताच्या हिशोबाशी जुळले.

शेवटचा हिशोब कैचीच्या खालचा. प्रत्येक खांबावर वाऱ्याने २२ किलोन्यूटनची वर खेच येते. एक घनमीटर काँक्रीटचं वजन साधारण २४ किलोन्यूटन. खांबांसाठी आखलेले खड्डे लहान होते. ते खोल करून फूटिंग रुंद घेतलं, म्हणजे त्यावरची माती पण वजनात धरता येते. फाउंडेशन बोल्ट सरळ न ठेवता खाली प्लेट लावून काँक्रीटमध्ये पुरले. कैचीच्या एका टोकाला बेस प्लेटची भोकं लांबट ठेवली, कारण हिशोबात ते टोक सरकतं धरलेलं होतं. मामांना आणि दादांना मिळून उभारणीचा क्रम लिहून दिला: आधी दोन कैच्या, त्यांच्यामधले पर्लिन, तीनही रनर आणि फुल्या, मग तिसरी कैची, आणि सगळ्या फुल्या घट्ट झाल्याशिवाय एकही पत्रा वर न्यायचा नाही.